तीन खंडी इंग्रजी

१९५३ साली मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि कल्याणच्या धान्यबाजारात मापाडी होतो. माझा मेव्हणा वसंत त्या वर्षी चोवीस पुरा झालेला, बी.ए. झालेला, आणि एका परीक्षेच्या तयारीसाठी आमच्या घरी येऊन राहिलेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला जे लिहायचंय ते त्या एका वर्षाबद्दल आहे. वसंत गेला त्याला आता पाच आठवडे झाले. त्याच्या मुलीचा, मेधाचा, सकाळी फोन आला. "आतोबा, बाबा गेले... झोपेतच." मी तिच्या आत्याचा नवरा, म्हणून आतोबा. मी फोन कानाला धरून उभाच राहिलो. पोरीला धीर द्यायचा सोडून मी विचारलं, "रात्री जेवला होता का?" ती म्हणाली, "हो, दूधभात." मग तीच म्हणाली, "तुम्ही बसा आतोबा, उभे असाल तर बसा."

तेराव्यानंतर डोंबिवलीला त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर लोक जमले. शेजारपाजारचे, त्याच्या कारखान्यातले दोघे म्हातारे, आणि ज्यांना त्याने घरी बसवून इंग्रजी शिकवलं ती मुलंमुली, आता केस पिकलेली. मेधा बोलायला उभी राहिली. म्हणाली, "बाबा नेहमी सांगायचे, माझं इंग्रजी दाजींनी करून घेतलं. स्वतः तिसरी शिकलेला माणूस, पण मेव्हण्यासाठी रोज दुपारी तास-तास बसायचा." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एका बाईंनी तर हात जोडले. मी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं म्हातारा रडतोय. रडत नव्हतो. मला उठून सांगायचं होतं की बाई, हात जोडू नका, तसं झालेलं नाही. पण गुडघे उठू देत नाहीत म्हणा, किंवा माझा स्वभाव म्हणा... मी उठलो नाही. म्हणून हे लिहायला बसलो. मेधा म्हणाली, शुद्धलेखन मी बघते. म्हटलं बघ, पण मजकुराला हात लावायचा नाही.

मी तिसरी पास. चौथीत बसलो आणि उठलो, एवढीच चौथी. वडील मापाडी होते, त्यांचा हात धरून बाजारात आलो. आता पायल्या गेल्या, वजनं आली, त्यामुळे मापाडी म्हणजे काय हे नव्या लोकांना सांगायला हवं. मुरबाड-शहापूरकडून भाताच्या गाड्या यायच्या. भाताची रास पडली की मापाडी पायली बुडवून भरायचा, वरचा उंचवटा तळहाताने सारायचा आणि पोत्यात ओतायचा. प्रत्येक पायलीला आकडा, तोही मोठ्याने, सुरात. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ रे लाभ, दोन रे दोन, तीन रे तीन... पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा घोळवत राहायचा, म्हणजे विसरत नाही. सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. मोजताना कुणी हाक मारली तरी मापाडी ओ देत नाही. साखळी तुटली तर रास पुन्हा ओतून पहिल्यापासून मोजायची, आणि तशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. व्यापारी म्हणायचे, "याचं माप म्हणजे माप." त्या वयात हे ऐकायला गोड लागतं. खोटं कशाला बोलू, आजही लागतं.

वसंत मार्च महिन्यात आला. एक पत्र्याची ट्रंक, त्यात कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. जुन्नरकडच्या खेड्यातला मुलगा, पुण्यात वार लावून जेवून बी.ए. झालेला, तोही मराठी विषय घेऊन. मुंबईत एक शिक्षणसंस्था होती, ती फक्त पदवीधरांनाच घ्यायची, दोन वर्षं शिकवायची, राहण्याजेवणाची सोय करायची आणि बाहेर पडला की मोठ्या हुद्द्याची नोकरी ठरलेली. तिच्या प्रवेशपरीक्षेत सगळा भार इंग्रजीच्या पेपरवर. शब्दांचे अर्थ, व्याकरण, आणि लांबलचक उतारे वाचून उत्तरं. परीक्षा नोव्हेंबरात, ठाण्याला. पंचविशीच्या आतले असतील तरच बसू द्यायचे, आणि वसंताला डिसेंबरात पंचवीस पुरी होत होती. म्हणजे एकदाच. ही एकच खेप, मग दार बंद. माझी बायको सरू त्याची मोठी बहीण. तिने त्याच दिवशी देवापुढे सुपारी मांडून ठेवली आणि मला म्हणाली, "अहो, त्याला काय लागेल ते बघा हं." बघतो म्हटलं. आणि फार बघितलं, हेच सांगायचंय.

त्याच्याकडे शब्दांचं एक जाड पुस्तक होतं. दिवसभर घोकायचा, दुसऱ्या दिवशी निम्मं पुसलेलं. महिनाभर हे बघितलं आणि एका दुपारी बाजारातून आलो तसा मी म्हटलं, "अरे, आम्ही दिवसाला शंभर शंभर मण मोजतो, एक आकडा हलत नाही. आणि तू पदवीधर, तुला वीस शब्द राहात नाहीत? आण ते पुस्तक." घोंगडी अंथरली, त्यावर घरातलं भात ओतलं, पायली घेतली. एका पायलीला एक शब्द. पायली भरेपर्यंत शब्द आणि अर्थ घोळवायचा, ओतली की पुढचा. लाभ, अबॅन्डन, सोडून देणे. दोन, अबेट, ओसरणे... असे सोळा झाले की एक मण. भरायचं आणि सारायचं त्याने, ठेका धरायचा मी. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने मणभर शब्द धडाधड म्हणून दाखवले! एकही पायली सांडली नाही. आम्ही दोघं इतके खूश झालो की सरूने आतून विचारलं, "काय हो, लागला की काय निकाल?" तेव्हापासून रोज दुपारी बाजार मंदावला की आमचं माप सुरू. वसंत गमत्या होता. बाहेर कुणी भेटलं की म्हणायचा, "आज दोन मण इंग्रजी झालं, उद्या गाडी भरून पाठवतो." ऑब्स्टिनेट हा शब्द आला, अर्थ हट्टी. तर तो बहिणीला म्हणाला, "ताई, हा एक फुकट मिळाला गं. हा रोज समोरच बसलेला असतो." सरू पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, "त्याच्यापुढे आणखी एक पायली मार, एकाने भागायचं नाही. आणि माझं वर्षाचं भात आहे ते, धूळ केलीत दोघांनी त्याची." मी लटकं रागावलो, पण आतून फुललो होतो. तिसरी शिकलेला मी, बी.ए.ला शिकवत होतो. बाजारात हमालांनासुद्धा सांगितलं. वसंतामुळे तेही मला दाजी म्हणायला लागले होते. ते म्हणायचे, "दाजी, मेव्हणा साहेब झाला की आम्हाला ओळख द्याल ना?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लेले मास्तर राहायचे, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. पावसाळ्यात एकदा दुपारी ते दारावरून जाताना थबकले. आत आमचं लाभ रे लाभ चाललेलं. दोन मिनिटं ऐकलं आणि दारातूनच म्हणाले, "मापाडी, हे भात नव्हे. शब्द असे रचून ठेवून काय करणार? तिथे ते सुटे विचारतील, वाक्यातले विचारतील. याला रोज संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. तासभर वर्तमानपत्र वाचून घेतो. काही द्यायला नको." आज लिहिताना कळतं की माणूस चांगलंच बोलत होता. तेव्हा मला ऐकू आलं ते एवढंच, की बायको आणि मेव्हण्यासमोर याने मला नावाने हाक न मारता मापाडी म्हटलं, आणि वर काही द्यायला नको म्हटलं. मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या वर्गातली किती पोरं इंग्रजीत गचकतात ते आख्ख्या कल्याणला माहीत आहे. आमचं आम्ही बघतो." मास्तर छत्री उघडून निघून गेले. वसंत मान खाली घालून भात सारत बसला.

तो त्याच संध्याकाळी मास्तरांकडे गेला. मला न विचारता. दुसऱ्या दिवशीही गेला. मी जेवण सोडलं. पहिल्या दिवशी सरूला वाटलं पोट बिघडलंय. दुसऱ्या दिवशी ताट समोर ठेवून म्हणाली, "अहो, जेवा. पोरगं वाचायला गेलंय, दारू प्यायला नाही." मी म्हटलं, "त्याचं पोट मास्तरांकडे भरत असेल तर त्याने तिथेच राहावं." असं बोललो मी. ज्याला दुसरीकडे पाठ टेकायला जागा नाही त्याला. वसंत तेवढ्यात दारात आलेला होता, त्याने ऐकलं. हातपाय धुतले, माझ्या शेजारी पाटावर बसला आणि म्हणाला, "ताई, दाजींना वाढ. उद्यापासून नाही जात मी." तो मला उलट बोलला असता तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं आणि कदाचित मी हरलोही असतो. पण तो आमच्या घरचं अन्न खात होता, त्यामुळे त्याच्या तोंडाला कुलूप होतं, आणि ते कुलूप मी वापरलं. त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, हेही आठवतं.

गणपतीनंतर कधीतरी त्याने एकदाच विषय काढला. भात सारता सारता थांबला. "दाजी, एक अडचण आहे. सुटा शब्द विचारला की येत नाही. तो कुठल्या मणात आहे ते आठवावं लागतं आणि मग लाभपासून म्हणत जावं लागतं. मधूनच उचलता येत नाही." मी म्हटलं, "मग म्हण लाभपासून. तुला घाई कसली आहे?" तो म्हणाला, "तिथे घड्याळ असतं, दाजी." मी म्हटलं, "ठेका जलद कर." आणि ठेका जलद केला. हेच माझं उत्तर. चुकलं तर पहिल्यापासून मोजायचं, याशिवाय दुसरा इलाज मला आयुष्यात कुणी शिकवलेला नव्हता, आणि जो शिकवायला आला होता त्याला मी दारातून परत पाठवलं होतं. दिवाळीपर्यंत साठ मण झाले. तीन खंडी. साडेनऊशेच्या वर शब्द. ऐकून ऐकून ते मलाही पाठ झाले, आजही आहेत. एक वाक्य मात्र जुळवता येत नाही त्यातून.

परीक्षेच्या दिवशी मी बाजार बुडवून त्याच्याबरोबर ठाण्याला गेलो. एका शाळेत केंद्र होतं. शिपाई म्हणाला, "पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं." मी म्हटलं, "मी पालक नाही, दाजी आहे," तर तो हसला आणि त्याने मला आवारातल्या बदामाच्या झाडाखाली बसू दिलं. वसंताची जागा खिडकीशी, तिसऱ्या बाकावर. मला तो कमरेपासून वर नीट दिसत होता. मी निवांत होतो. तीन खंडी माल भरून पाठवला होता, काळजी कसली? घंटा झाली, कागद वाटले. वसंताने वाचायला सुरुवात केली, आणि मग मला त्याचा उजवा हात दिसला. पेन बाजूला ठेवून तो हात बाकावर आडवा फिरत होता. भात सारतो तसा. एकदा, दोनदा, तीनदा... ओठ हलत होते. दहाबारा वेळा हात फिरला, मग त्याने पेन उचललं, काहीतरी लिहिलं, पेन ठेवलं आणि हात पुन्हा पहिल्यापासून फिरू लागला. बाकीची मुलं भराभर लिहीत होती, पानं उलटत होती. माझा मेव्हणा रिकाम्या बाकावर भात मोजत होता. मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. बाहेर, झाडाखाली बसून. उठून ओरडावंसं वाटलं, अरे वसंता, सोड, मोजू नको, वाच! पण तिथे माझा आवाज चालणार नव्हता. बाजारभर ऐकू जाणारा आवाज माझा, आणि त्या खिडकीच्या आत तो पोचवायची सोय नाही. थोड्या वेळाने पर्यवेक्षक त्याच्यापाशी आले, ओठांकडे बोट करून काहीतरी बोलले. बडबडू नका म्हणाले असणार. वसंताने डावा हात तोंडावर ठेवला. मग उजवा हात फिरायचा आणि मध्येच थांबायचा, फिरायचा आणि थांबायचा. तोंड बंद झालं की साखळी राहात नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मध्ये एकदा त्याने खिडकीबाहेर बघितलं. मी दिसलो त्याला. मी उठून झाडाच्या पलीकडच्या बाजूला गेलो... आणि घंटा होईपर्यंत तिथेच, खिडकीकडे पाठ करून बसलो.

निकालाचं पत्र संक्रांतीच्या सुमाराला आलं. वसंताने उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "नाव नाही." सरू रडली. तो तिची समजूत काढत बसला, आणि मी बाजारात निघून गेलो. पुढे त्याला ठाण्याच्या एका कारखान्यात हजेरी लिहिण्याची नोकरी लागली. कामगार आले किती, गेले किती, चौतीस वर्षं तेच. लग्न झालं, डोंबिवलीला खोली घेतली, मेधा झाली. सणावाराला येणंजाणं होतं, सरू गेली तेव्हा तो आमच्याकडे दहा दिवस राहिला, माझं अंथरूण घालायचा. त्या परीक्षेबद्दल त्याने मला आयुष्यात एक शब्द विचारला नाही, बोल लावला नाही. उलट लोकांना सांगायचा, दाजींनी शिकवलं. तो निवृत्त झाल्यावर मी एकदा डोंबिवलीला गेलो होतो. गॅलरीत चारपाच मुलं सतरंजीवर बसून इंग्रजी वाचत होती. एक मुलगी अडली, म्हणाली, "काका, या शब्दाचा अर्थ?" वसंत म्हणाला, "शब्द सोड गं. अख्खं वाक्य पुन्हा वाच, आपोआप कळेल." मग त्याला एकदम आठवण झाली की मी तिथेच खुर्चीत बसलोय. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आत वळून म्हणाला, "अगं, दाजींचा चहा झाला का?" तेव्हा बोलायला हवं होतं मी. मुलं जाईपर्यंत थांबलो, चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो आणि उठून आलो. अशा किती वेळा आल्या, किती गेल्या. दर वेळी वाटायचं पुढच्या खेपेला बोलू. आता कुणाशी बोलू?

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते अजून कागदावर आलेलं नाही. परीक्षा झाली त्या संध्याकाळचं. ठाण्याहून परत येताना तो प्रश्नपत्रिका मांडीवर धरून बसला होता. सोडवलेल्या प्रश्नावर पेन्सिलीने खूण करायची त्याची सवय होती. मला इंग्रजी वाचता येत नसलं तरी खुणा दिसतात. पहिलं पान खुणांनी भरलेलं, दुसऱ्यावर अर्ध्यापर्यंत. पुढची सगळी पानं कोरी, उतारे होते ते. मी बघतोय हे त्याला कळलं, त्याने कागद दुमडला. घरी सरू दारात उभी. "कसा गेला रे पेपर?" वसंताने चप्पल काढली, तांब्या उचलून पाणी प्यायला आणि म्हणाला, "झकास गेला ताई! दाजींचं माप होतं ना पाठीशी." आणि माझ्याकडे बघून हसला. ते हसणं मला मोकळं करण्यासाठी होतं, आणि त्याच्या बदल्यात एक गोष्ट मला करता आली असती. सरूला सांगायचं, नाही गं, नीट गेला नाही, आणि त्याचं कारण मी. उद्या मास्तरांकडे जाऊ, ते काही दुसरी वाट सुचवतात का विचारू. एवढंच. सरूने माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच हो?" मी म्हटलं, "मग! शंकाच नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारनाक्यावरून शेरभर पेढे आणले. बाजारात सगळ्या मापाड्यांना, हमालांना, व्यापाऱ्यांना स्वतःच्या हाताने वाटले. मेव्हण्याचा पेपर उत्तम गेला म्हणून सांगितलं, पाठीवर थापा घेतल्या. लेले मास्तर शाळेत निघाले होते, त्यांना मुद्दाम आडवा जाऊन एक दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "फार छान झालं हो." शेवटचा पेढा घरी घेऊन आलो. वसंत नुकताच आंघोळ करून आला होता, डोकं ओलं होतं. मी त्याच्या तळहातावर पेढा ठेवला. तो पेढ्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग त्याने तो खाल्ला.